एकवीस पूर्णांक चार

जयगडच्या धक्क्यावरून डिझेलची लाइन निघते,
काजूच्या बागेकडेनं येते
आणि मासळीबाजारासमोर रस्त्याखाली शिरते.
तीस मीटर ती कोणालाच दिसत नाही.
पलीकडे वर येते पिवळा रंग लावून,
मध्ये काही झालंच नाही अशी.

इब्राहिमचाचा मुकादम पाइपला कडं बसवतो.
आधी रंग खरवडतो, मग गंज, मग फडकं.
दोन अर्धी वेटोळी जुळवून खटका लावतो,
सायकलच्या पंपानं हवा भरतो.
फुगलेलं कडं पाइपला धरतं,
खाडीत पोहायला शिकणारं पोर
बापाच्या मानेला धरतं तसं.

चाचाचा डावा कान जहाजावर राहिला.
एकोणीस वर्षं बॉयलरच्या पोटात बसून
हातोडीनं गंज पाडत होता.
मी बटण दाबण्याआधी तो उजवा कान माझ्याकडे करतो.
"ऐकू यायचं नाही, चाचा,
अडतीस हजारांवर लावलंय.
ह्या आवाजाला मीपण बहिरी."
त्याला हे फार आवडतं.
रोज पुन्हा विचारतो.

बटण.
लाट पाइपच्या कातडीतून पीळ घेत जाते,
ओला पंचा पिळावा तशी, दोन्हीकडे एकदम.
बर्फाच्या पेटीआड झोपलेलं कुत्रं
कान टवकारतं, पुन्हा मान टाकतं.
तेवढ्यात लाट जाऊन, सगळं विचारून
परतही आलेली असते.

चार पूर्णांक दोन, सांधा.
सोळा पूर्णांक दोन, सांधा.
पुढचा अठ्ठावीसला.
ज्या वेल्डरानं हे केले
त्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही,
पण हात सारखा होता त्याचा:
काळी रेघ बारा-बारा मीटरवर
त्याच उंचीनं उठते.
आणि मध्येच, एकवीस पूर्णांक चारला, लाल.
लाल म्हणजे एकाच अंगानं खाल्लंय.

पडद्याकडे न बघता चाचा चपला काढून
रस्त्यावरून चालत जातो, टाच आपटत.
"बाय, हय हाय."
मी टेप लावते. सोळा पूर्णांक दोन.
"तो सांधा आहे, चाचा."
"मग सांधाच बोलला आसंल,"
म्हणतो, आणि टेपचं टोक धरून पुढे निघतो.

टेप थांबते तिथं मथुरा खारवीण बसलेली.
समोर बांगडे, थोडे सौंदाळे, मुडदुशांचे वाटे.
"उटा म्हंता?
ही जागा माज्या सासवेपासनं हाय."
सासवेपासून रोज सकाळी इथंच पाटी उपडी होते
आणि बर्फाचं पाणी, मिठाचं पाणी, खवल्यांचं पाणी
डांबराच्या एकाच भेगेतून खाली उतरतं.
रिपोर्टात 'कारण' ह्या रकान्यात
एवढं सगळं मावत नाही.
मी लिहिलं, खारं पाणी.

दुपारी खणलं.
वेष्टण सुटून लोंबत होतं,
पाइपच्या माथ्यावर तळहाताएवढा खड्डा,
साडेनऊ मिलिमीटरच्या भिंतीत उरले तीन.
मथुरानं वाकून पाहिलं.
"येवढासाच?"
चाचानं त्यात बोट घातलं
आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही.

कडं सोडताना त्यानं विचारलं,
"आन् ह्या कड्याच्या बाजूला? हितं कसं हाय?"
हितलं त्याला कळत नाही, मी म्हटलं.
पन्नास मीटरवरचं ऐकतं,
अंगाला लागून असलेलं हातभर
त्याच्याच ओरडण्यात बुडून जातं.

चाचा काही बोलला नाही.
पॉलिशपेपर काढला, उकिडवा बसला
आणि दोन्ही बाजूंचा हातभर पाइप
घासायला लागला,
मधूनमधून थांबून
डावा कान त्यावर टेकवत.

बॅटरी अठरा टक्के.
मी जाडी मोजायचं यंत्र काढलं.